कोबिलभाऊंचे किती झाले

मार्गिलान, गुरुवार

अंगण झाडून झालं होतं. तुतीची गळालेली फळं गोळा करून कोंबड्यांपुढे टाकली होती, पाटाचं पाणी कांद्याच्या वाफ्यात सोडलं होतं, कणीक मळून तिच्यावर जुनी गोधडी घातली होती आणि ती फुगेपर्यंत चार पानं वाचून घ्यावीत म्हणून मी नेहमीसारखं कॉम्प्युटरचं बटण दाबलं. तो लागला नाही. पुन्हा दाबलं. आत कोणीतरी घसा खाकरावा तसा आवाज आला, करपलेल्या नानचा वास आला (मी आधी तंदूरकडे धावले, पण तंदूर अजून पेटवलाच नव्हता) आणि मग सगळं गप्प झालं. असं गप्प होणं माझ्या ओळखीचं आहे, म्हणून मी घाबरले नाही. पण कणीक फुगून गोधडीबाहेर आली तरी मी तिथेच बसून होते.

वन्सं, रागावू नका. आधी तुम्हाला सलाम करायचा, तब्येत विचारायची आणि मग आपलं गाऱ्हाणं सांगायचं, एवढी रीत मला कळते. पण हल्ली माझं चित्त थाऱ्यावर नाही. कागद पुढे घेतला की हात आपोआप त्या सकाळीच जाऊन बसतो. तर पुन्हा सुरुवात करते. माझ्या वडीलधाऱ्या मस्तुरावन्संना धाकट्या भावजयीचा, म्हणजे इनोबतचा, वाकून सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? समरकंदची थंडी एकदाची सरली असेल. मेहुण्यांचा रक्तदाब औषधाने खाली आला की तुमच्या धाकाने? सूनबाई आता चहात साखर बेताने घालते का, की अजून तिला सांगावं लागतं? (सांगू नका. तुम्ही सांगितलं की ती दुप्पट घालते, हे मागच्या ईदला मी डोळ्यांनी पाहिलं आहे.) मी बरी आहे. गव्हर ताश्कंदला मजेत आहे, जावईबापूंना बढती मिळाली, नात चालायला लागली. फोन न करता पत्र का लिहिते, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. ही व्यवस्था इतकी वर्षं नीट चालली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या वेळी विषय माझा आहे.

हा कॉम्प्युटर तुमच्या भावाने आणला. कुठल्याशा कचेरीने जुना म्हणून मोडीत काढला होता, तो यांनी प्रवासी गाडीच्या मागच्या सीटवर घालून घरी आणला, त्यावर थोडे दिवस सोंगट्या खेळले, हरले आणि मग मला देऊन टाकला. तेव्हापासून तो माझा आहे. मी रेशीम कारखान्यात उकळत्या पाण्यातून कोश काढत असताना गुडघ्यावर पुस्तक ठेवून वाचायला शिकले, हे तुम्हाला माहीत आहे. शाळेत माझं लक्ष नव्हतं, कारखान्यात आलं. पुढे कारखान्याचं वाचनालय बंद झालं, नंतर डोळेही तसेच अर्धवट बंद व्हायला लागले. तेव्हा कोबिलभाऊंनी बोटाएवढ्या पट्टीत कितीतरी पुस्तकं भरून दिली आणि पडद्यावर अक्षरं कशी मोठी करायची ते शिकवलं. आता एकेक अक्षर खरबुजाच्या बीएवढं दिसतं. पानात फार थोडे शब्द मावतात, पण मला घाई कुठे आहे.

कोबिलभाऊ तुम्हाला आठवतात ना? यांचे लष्करातले सोबती. बाजारात घड्याळवाल्यांच्या रांगेत ज्यांचं दुकान आहे, आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर आणि फोन. (जग तीनदा बदललं, त्यांचं स्टूल तेच आहे.) तुमचा भाऊ गेल्यापासून ते एक रविवार सोडून एक येतात. येतात म्हणजे काहीतरी निमित्त काढूनच येतात. कधी म्हणतात, तुमच्या मीटरचा आवाज रस्त्यावर ऐकू आला. कधी म्हणतात, द्राक्षाचा मांडव कलला वाटतं. मी फाटक सताड उघडं ठेवते, समोरच्या बाकावर सबोहत शेजारीण विणकाम घेऊन बसलेली असते, आणि कोबिलभाऊ अंगणातल्या बाजेवर बसून हिरवा चहा पितात आणि एर्गाशबद्दल, म्हणजे यांच्याबद्दल, काहीतरी सांगतात. लष्करात हे पहाऱ्यावर असताना अंधाराला भिऊन मोठ्याने पाढे म्हणायचे, आणि तेही चुकीचे. मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं ज्यांच्याशी संसार केला त्यांना अंधाराची भीती वाटायची, हे मला ते गेल्यावर कळलं. वन्सं, गेलेल्या माणसाचं जुनं तर आपल्याला सगळं पाठ असतं. त्याच्याबद्दल काही नवीन ऐकायला मिळणं फार कठीण असतं. मला ते एक रविवार सोडून मिळत होतं.

तर तो कॉम्प्युटर मी चादरीत गुंडाळला आणि छोट्या व्हॅनमधून बाजारात निघाले. व्हॅनमध्ये एका म्हाताऱ्याने उठून जागा दिली आणि हळूच विचारलं, "बाळ झोपलंय का?" मी म्हणाले, "हो." आता इतक्या आदराने दिलेली जागा सोडून कॉम्प्युटर आहे म्हणून कोण सांगणार. मग तिथल्या सगळ्या बायका आवाज खाली आणून बोलायला लागल्या, ड्रायव्हरने गाणं बंद केलं, आणि उतरताना एकीने गाठोड्यावर हात ठेवून दुआ दिली. दुआ लागू पडली असं म्हणायला हवं, कारण कोबिलभाऊंनी झाकण उघडलं आणि म्हणाले, "जगेल. पण वहिनी, हा कॉम्प्युटर आहे की परात?" आत सगळीकडे पीठ होतं. तंदूरच्या खोलीत ठेवलेला ना तो, पंख्याने इतकी वर्षं पीठ ओढून घेतलं होतं. कोबिलभाऊंनी ब्रशने झटकलं तर शेजारचा घड्याळवाला शिंकला. म्हणाले, वीज पुरवणारी पेटी जळली आहे, नवी घालावी लागेल, साफ करतो, घरी आणून देतो. आणि आणूनही दिला. बटण दाबल्याबरोबर लागला. मी ओढणीला हात पुसले आणि विचारलं, "कोबिलभाऊ, किती झाले?"

आणि ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या मनाला येईल ते द्या."

वन्सं, या वाक्याने मला जितका त्रास दिला आहे तितका तुमच्या आईनेही दिला नव्हता. (अल्ला त्यांना जन्नत देवो, त्या आता मोठ्या मनाने हे वाक्य सोडून देतील.) खाटिक भाव सांगतो. नानवाला भाव सांगतो. कबर खणणाऱ्यानेही भाव सांगितला होता आणि नोसिरभावजींनी त्यात घासाघीस केली होती. फक्त ओळखीचा माणूस भाव सांगत नाही, तो आपली परीक्षा घेतो. कमी दिले तर मनाला इतकंच आलं का, म्हणतील. जास्त दिले तर मला परका समजली, म्हणतील. काहीच दिलं नाही तर ते स्वतः काही म्हणणार नाहीत, पण सबोहत म्हणेल. तिने सांगितलंच, आणि सुया न थांबवता सांगितलं: "बाई, पैसे घेणारा पुरुष आला तर तो मिस्त्री. पैसे न घेणारा आला तर मग तो कोण, ते लोक ठरवतात. मी नाही ठरवत. मी नुसती बघते." तिचं बघणं तुम्हाला माहीत आहे. ती बघायला लागली की कोपऱ्यावरच्या दुकानात ऐकू येतं.

मग मी भाव काढायला निघाले. कॉलेजजवळच्या नव्या चकचकीत दुकानात जाऊन म्हणाले, माझ्या बहिणीचा कॉम्प्युटर बिघडला आहे. तिथल्या पोऱ्याने विचारलं, "मावशी, कोणत्या कंपनीचा?" मी म्हणाले, पांढरा. त्याने जो आकडा सांगितला त्यात माझ्या लहानपणी घर आलं असतं. सबोहत म्हणाली, त्याच्या अर्धे दे. नोसिरभावजींना विचारलं तर ते म्हणाले, "दहा खरबुजं पाठव, विषय संपव." (तुमचे हे धाकटे भाऊ सगळे विषय खरबुजांनी संपवतात, कारण ती त्यांना विकायचीच असतात. खरबुजं मीच त्यांच्याकडून विकत घ्यायची, हे ते बोलले नाहीत, पण वजनकाट्याकडे बघत बोलले.) शेवटी मी माझ्या मनाने एक आकडा ठरवला, फार नाही, कमी नाही, आणि कोबिलभाऊंच्या खिशात घालायला गेले. ते मागे सरले. मी पुढे सरले. बाजेभोवती आमची एक फेरी झाली. सबोहतचं विणकाम थांबलं. तेव्हा मी थांबले.

दुसऱ्या दिवशी मी युक्ती केली. सांबुसे भाजले, मोठ्या निळ्या वाडग्यात लावले, तळाशी मेणकागदासारख्या गुळगुळीत कागदात पैसे ठेवले, वरून रुमाल झाकला आणि वाडगा कोबिलभाऊंच्या घरी देऊन आले. माझ्या मनात होतं की वाडगा रिकामा होईल तेव्हा पैसे सापडतील आणि तोवर मी घरी पोचलेली असेन. पण शेजाऱ्याचा वाडगा रिकामा परत करायचा नसतो, हे मी त्या क्षणी विसरले. संध्याकाळी वाडगा परत आला. त्यात हुर्रियतवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, केलेला अक्रोडाचा हलवा होता आणि हलव्याच्या खाली माझेच पैसे, त्याच कागदात. आता हलव्याची परतफेड करायची म्हणून मी वाडग्यात पुलाव भरला, तळाशी पैसे. वाडगा आला, त्यात बेहीच्या फळांचा मुरंबा, तळाशी पैसे. वन्सं, त्या आठवड्यात दोन्ही घरांत काय काय शिजलं ते सांगत नाही, तुम्हाला पथ्य आहे. नोटांना मात्र तेलाचा, साखरेचा आणि जिऱ्याचा असा वास लागला की नंतर भाजीवाल्याने एक नोट नाकाला लावून बघितली.

शेवटी मी वाडगा न घेता रिकाम्या हाताने त्यांच्या दुकानात गेले आणि सरळ विचारलं, "कोबिलभाऊ, तुम्ही पैसे का घेत नाही?" ते कोणाचा तरी फोन उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "घेऊन काय करू. मीच एर्गाशचं देणं लागतो."

मग त्यांनी सांगितलं ते मला अर्धंच माहीत होतं. हुर्रियतवहिनींचं ऑपरेशन झालं तो हिवाळा तुम्हाला आठवेल, ज्या वर्षी घाटात बर्फाने गाड्या अडकल्या होत्या. तुमचा भाऊ त्यांना आपल्या व्हॅनमधून ताश्कंदला घेऊन जायचा आणि आणायचा. पेट्रोलचे पैसे घ्यायचा नाही, हॉस्पिटलच्या आवारात गाडीत झोपायचा. एवढं मला ठाऊक होतं, कारण घरी येऊन तो माझ्याकडे कंबरेला लावायला तेल मागायचा. पण ऑपरेशनच्या वेळी रक्त कमी पडलं आणि याने दिलं, हे मला ठाऊक नव्हतं. एकदा नाही, पुन्हाही दिलं. घरी सांगितलं नाही, कारण मी ओरडले असते. (ओरडलेच असते. त्याला तेव्हा स्वतःलाच चक्कर यायची.) कोबिलभाऊ म्हणाले, "गाडीचं भाडं मी काढीन वहिनी, तेवढं गणित मला येतं. रक्ताचे किती लावू ते तुम्ही सांगा."

मी तिथून उठून त्यांच्या घरी गेले. हुर्रियतवहिनी मुरंब्याच्या बरण्या पुसत होत्या. मी म्हणाले, मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "अगं, तेव्हापासून मी खरबूज नानबरोबर खाते. आधी मला खरबूज आवडायचंही नाही. हे म्हणतात, तू एर्गाशसारखी ढेकर देतेस." आणि आम्ही दोघी हसलो. मग मी त्यांचा हात हातात घेऊन थोडा वेळ बसले. मनगटाची नाडी लागत होती. वन्सं, मी पुस्तकात वाचलं आहे की माणसाचं रक्त चार महिन्यांत सगळं नवं होतं, जुन्यातलं काही उरत नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही. हात मात्र सोडला नाही.

पण मी पडले हट्टी, आणि सबोहतच्या सुया माझ्या डोक्यात चालूच होत्या. मी परत दुकानात जाऊन कोबिलभाऊंना म्हणाले, "तुमचं देणं कधीच माफ झालंय. जनाज्याच्या वेळी नोसिरभावजींनी गल्लीत उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं होतं की एर्गाशचं कोणाला द्यायचं असेल तर आमच्याकडे या, आणि एर्गाशचं जे कोणी लागत असेल त्याला आम्ही माफ केलं." आम्ही बायका आत होतो, पण भावजींचा आवाज तुम्हाला माहीत आहे, भिंतीपलीकडे खरबुजांचा लिलाव चालल्यासारखं मला सगळं ऐकू आलं होतं. यावर कोबिलभाऊ म्हणाले, "मी तेव्हा रशियाहून येणाऱ्या गाडीत होतो. मी पोचलो तेव्हा माती बसली होती. मला कोणी विचारलं नाही. जो हजर नव्हता त्याचं माफ कसं होईल?" मी म्हणाले, होतं. ते म्हणाले, नाही होत. घड्याळवाला म्हणाला, इमामसाहेबांकडे जा, माझी गिऱ्हाइकं परत चालली आहेत.

गेलो. इमामसाहेबांनी आमचं दोघांचं ऐकून चष्मा काढला. म्हणाले, "लोक माझ्याकडे याच्या उलट भांडत येतात. एक म्हणतो तू लागतोस, दुसरा म्हणतो नाही लागत. तुम्ही एकमेकांच्या जागेवर तर बसला नाहीत ना?" मग पुस्तक न बघताच सांगितलं की रक्ताची किंमत लावता येत नाही, ते दान, त्याचा विषय संपला. गाडीभाड्याचं देणं होऊ शकतं. पण ते माफ करायचा अधिकार वारसांचा, ज्याने त्याने आपापला वाटा माफ करायचा. "नोसिरने माफ केलं ते नोसिरच्या वाट्याचं. दुसऱ्याच्या ताटातलं वाढून टाकायचा त्याला हक्क नाही." म्हणजे मी, गव्हर, भावजी आणि तुम्ही. कोबिलभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की पाहा, मी म्हणत नव्हतो का. आणि मला जिंकायचं होतं, वन्सं. मी तिथल्या तिथे म्हणाले, "माझा वाटा मी माफ केला." गव्हरला फोन लावला. ती नातीला भरवत होती. कशाचं, कोणाला, काही न विचारता म्हणाली, "केलं अम्मा, माफ केलं, मग बोलू, ही तोंडातलं टाकतेय." इमामसाहेब म्हणाले, ऐकू आलं. राहता राहिला तुमचा वाटा. तेवढ्यात भावजी तिथे नमाजाला आले. ते म्हणाले, "मस्तुराताईचं माझ्यावर सोडा. खरबुजांचा भाव ठरला की मी तिला फोन करतो, ती काय नाही म्हणणार आहे थोडीच." कोबिलभाऊ टोपी नीट करून उभे राहिले. 

दुसऱ्या दिवशी ते स्वतः घरी आले. बाजेवर बसले नाहीत. मी विचारलं, "कोबिलभाऊ, किती झाले?" आणि त्यांनी सांगितलं. वीजपेटीचे इतके, साफसफाईचे इतके, घरपोच आणण्याचे इतके, एकूण तीन लाख ऐंशी हजार सोम. "बघा बाई," म्हणाले, "बाजारभावापेक्षा जास्त नाही लावला." मी चार लाख दिले, त्यांनी वीस हजार मोजून परत दिले. मी चहा ठेवते म्हणाले, तर ते म्हणाले, दुकानात माणूस थांबलाय. जाताना पंख्यात पुन्हा बघितलं, झाकणाचे सगळे स्क्रू आवळले आणि म्हणाले, आता वर्षानुवर्षं काही होणार नाही. समोर सबोहतने मला पैसे देताना पाहिलं आणि समाधानाने टाका सोडला.

तर वन्सं, हा प्रश्न असा सुटला. मी कोणाचं काही लागत नाही, माझं कोणी काही लागत नाही. कॉम्प्युटर इतका उत्तम चालतो की बटण दाबल्याबरोबर लागतो, खाकरत नाही, थांबत नाही, पुस्तकाचं पान उलटायला क्षणही लागत नाही. मला अगदी स्वस्थ वाटतं. आज सकाळपासून अंगण दोनदा झाडलं, पडदे धुतले, वाळले नव्हते तरी पुन्हा लावले, कोंबड्यांना दोनदा दाणे टाकले, आता त्या माझ्याकडे संशयाने बघतात. काळजीचं काही कारण नाही. मेहुण्यांना सलाम, मुलांना पापे, सूनबाईला आशीर्वाद आणि साखर बेताने.

तुमची,
इनोबत

ता. क. तुमच्यासाठी बेहीचा मुरंबा पाठवते आहे. हुर्रियतवहिनींनी केलेला आहे. आता त्यांच्याकडून वाडगा येत नाही, ही शेवटची बरणी आहे, पुरवून खा.

ता. क. दुसरं. पैसे घेतल्यानंतरचा पहिला रविवार कोबिलभाऊंच्या येण्याचा होता. मी चहा करून ठेवला होता. ते आले नाहीत. मला वाटलं, काम असेल. त्यानंतरचा त्यांचा रविवारही गेला. मी हुर्रियतवहिनींना रस्त्यात गाठून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "हे म्हणतात, काही बिघडलं की कळवा, येईन. उगाच कोणाच्या घरी कसं जायचं? आधी देणं होतं म्हणून जात होतो." आणि मग म्हणाल्या, "त्यांच्याजवळ एर्गाशचं तेवढंच होतं गं." त्या रागाने बोलल्या नाहीत. रागाने बोलल्या असत्या तर मला उत्तर सुचलं असतं.

ता. क. तिसरं, आणि हे नीट वाचा, चष्मा लावून. नोसिरभावजी तुम्हाला फोन करतील. आधी खरबुजांचं बोलतील, मग तुमच्या गुडघ्यांचं, मग सहज बोलता बोलता म्हणतील की ताई, कोबिलचं ते जुनं गाडीभाड्याचं माफ कर, बाकी सगळ्यांनी केलंय. वन्सं, मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. लग्नातला तो शेला मागितला होता तो तुम्ही दिला नाहीत, त्याबद्दलही काही बोलत नाही. पण माझ्यासाठी एवढं करा. माफ करू नका. तुमचा वाटा तुमच्याकडे ठेवा. माझा मी देऊन बसले, गव्हरचा घास भरवता भरवता गेला, आता फक्त तुमचा राहिला आहे. तो लहान आहे, इमामसाहेबांच्या हिशेबाने गाडीभाड्याचा अगदी थोडा भाग येतो, पण कोबिलभाऊ सावकाश फेडणारे आहेत. कारण काही सांगा. भावाचं देणं आहे, मी विचार करते म्हणा. गुडघे दुखतात म्हणून आत्ता काही सुचत नाही म्हणा. ओरडा हवं तर. तुम्हाला नाही म्हणता येतं, हे आमच्या घराण्यात सगळ्यांना माहीत आहे, आणि इतकी वर्षं आम्ही ते सोसलं ते याच दिवसासाठी असेल.

ता. क. शेवटचं, शुक्रवार. समरकंदला जाणारा गाडीवाला काल आला नाही, आज दुपारी येणार आहे, म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. तुमच्या उत्तराची वाट बघायची असं मी ठरवलं होतं. आज सकाळी नान भाजून झाल्यावर मी बाजारात गेले, कोबिलभाऊंच्या दुकानापुढे उभी राहिले आणि त्यांना सांगितलं की मस्तुरावन्संनी माफ केलेलं नाही.